पहिल्या तासाच्या बश्या

धाकट्या भावाच्या थोरल्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. नातवंडं बघायला भाऊ तीन मजले चढून गेला आणि शेवटच्या पायरीवर जो बसला तो उठेना. त्याचं हृदय थकलंय हे घराला तेव्हा कळलं. जुळी रांगायला लागली तोवर भाऊ इस्पितळात होता. तीन उशा पाठीशी घेऊन बसल्या बसल्या झोपत होता आणि पाय असे सुजले होते की बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा.

त्याची थोरली बहीण त्या इस्पितळासमोरच्या प्रयोगशाळेत काच धुवायची. एकतीस वर्षं तेच काम. सगळे तिला काचमावशी म्हणत.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला ती तळघरातल्या मोरीवर कोपरापर्यंत हात बुडवून उभी होती, तेवढ्यात जिन्यावरून आरोळी आली.

"काचमावशी! वर या! आत्ताच्या आत्ता! तुमच्या साबणानं सगळा सत्यानाश केलाय!"

आवाज टापटीपचा. हा पेशी तयार करणारा संशोधक. शर्टाची घडी मोडत नसे आणि कपाळावरची आठीही मोडत नसे, म्हणून हे नाव. काचमावशीचं आणि त्याचं कधी जमलं नाही. बशीवर पाण्याचा एक डाग दिसला तरी तो ती बशी परत पाठवायचा.

ती हात पुसत वर गेली.

टेबलावर काचेच्या चाळीस बश्या मांडल्या होत्या. वीस बश्यांना लाल खूण, विसांना निळी. भोवती तिघं उभी होती. प्रयोगशाळेचे साहेब, टापटीप आणि मोजणीवाली. मोजणीवाली म्हणजे बश्यांतल्या पेशी मोजणारी तरुण मुलगी. तिचे डोळे पाणावलेले होते.

"सगळ्या मेल्या," साहेब म्हणाले. "एकूण एक. पाऊण तासात तपासनीस बाई येतायत. त्यांना काय दाखवू? माझं तोंड?"

"माझ्या साबणानं?" काचमावशीनं विचारलं.

"दुसरं काय?" टापटीप म्हणाला. "धुताना साबण राहिला असणार."

"साहेब, मावशींवर रागावू नका," मोजणीवाली हळूच म्हणाली. "मी सकाळीच म्हटलं ना, त्यांचं हल्ली लक्ष नसतं. भावाचं टेन्शन आहे. कुणाचंही होईल."

काचमावशीला त्या गोड बोलण्याचा आधार वाटला. ही पोरगी पहिल्यापासून मायेची. हृदयाचं काम तिनंच तिला समजावून सांगितलं होतं. हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. दारावरच्या बेलसारखं समजा मावशी, ती म्हणाली होती. शरीरातला योग्य रेणू येऊन ती बेल दाबतो आणि आत निरोप जातो, मरू नकोस, तग धर. ऑक्सिजन कमी पडला की पेशी त्या निरोपावर जगतात. साहेबांचं नवं औषध हीच बेल दाबतं. लाल खुणेच्या बश्यांत औषध, निळ्या बश्यांत नाही. दोन्हींचा ऑक्सिजन तोडायचा आणि दोन दिवसांनी जिवंत पेशी मोजायच्या. निळ्यांत शंभरातल्या तीस जगत होत्या, लालमध्ये ऐंशी.

त्याच आकड्यांवर औषध समोरच्या इस्पितळात अकरा आजाऱ्यांना सुरू झालं होतं. त्यातला एक भाऊ. फॉर्म मोजणीवालीनंच घरी आणून भरून घेतला होता आणि काचमावशीच्या हातचा चहा पिऊन गेली होती. सात आठवडे झाले. भाऊ बरा व्हायचं सोडून खचत चालला होता. वॉर्डातले डॉक्टर म्हणत, धीर धरा, बश्यांत पेशी जगतायत म्हणजे माणसातही जगतील. रोज दुपारी बाराला गोळी.

मग कुणीतरी वरच्या कार्यालयाला निनावी पत्र लिहिलं की लाल बश्यांतल्या पेशी एकदा बाहेरच्या माणसाला दाखवा. म्हणून आज तपासनीस बाई येणार होत्या. आणि आजच सगळ्या बश्या मेल्या होत्या.

काचमावशीनं एक बशी नाकाशी नेली.

"वास कसला घेताय?" टापटीप खेकसला. "भाजी आहे का ती?"

"भाजी असती तर बरं झालं असतं. साहेब, हे पाणी पांढरं कसं?"

"म्हणजे?"

"पेशींचं पाणी गुलाबी असतं. पेशींनी खाल्लं की पिवळं होतं. एकतीस वर्षं मोरीत ओततेय मी. हे तर बिनरंगी झालंय."

काचमावशीनं ताज्या गुलाबी पाण्याची बाटली मागितली, दोन भांड्यांत थोडं थोडं ओतलं. एकात आपल्या साबणाचं पाणी टाकलं. गुलाबी रंग जांभळा झाला आणि तसाच राहिला. दुसऱ्यात मोजणीच्या टेबलाखालच्या ब्लीचच्या बाटलीतले चार थेंब टाकले. रंग उडाला. भांड्यात नुसतं पाणी दिसायला लागलं.

"साबण रंग खात नाही," ती म्हणाली. "हे ब्लीच आहे. कुणीतरी मुद्दाम घातलंय."

साहेब खुर्चीत बसले. टापटीपची आठी पहिल्यांदाच हलली.

"सकाळी आधी कोण आलं?" काचमावशीनं विचारलं.

"मी. आठला," टापटीप म्हणाला.

"एकटे?"

"एकटाच. मग काय? मी मारल्या?"

"मी साडेआठला आले," मोजणीवाली म्हणाली. "हे तेव्हा चहा प्यायला खाली गेले होते."

"आणि मी नऊला," साहेब म्हणाले. "बश्या ठेवायच्या उबेच्या कपाटाची किल्ली तिघांकडे आहे. मावशी, तुम्ही पोलीस आहात का? जा, खालचं काम बघा."

ती खाली आली. पण आता हात पाण्यात घालवेना. ब्लीच घालणाऱ्याला काय लपवायचं होतं? बाईंनी लाल बश्यांत डोकावलं असतं तर काय दिसलं असतं?

मोरीशेजारी ओल्या फडक्याखाली मागच्या खेपेच्या लाल बश्या पडल्या होत्या. भावाजवळ बसायला दोन दिवस रजा घेतल्यामुळे त्या धुवायच्या राहिल्या होत्या. तिनं एकीवरून बोट फिरवलं. तळाला चिकट, बुळबुळीत पापुद्रा, थंड झालेल्या खळीसारखा. गेले चार महिने लाल बश्या अशाच येत होत्या. धुण्याच्या खाराच्या पाण्यात दिवसभर भिजवून तारेच्या घासणीनं खरवडाव्या लागत. निळ्या मात्र एका विसळण्यात स्वच्छ.

तिनं मान वळवली. पलीकडच्या फळीवर पहिल्या तासाच्या बश्या होत्या. टापटीपची ही नेहमीची रीत. हृदयाचा तुकडा फोडून पेशी सुट्या केल्या की तो त्या आधी एका बशीत तासभर ठेवायचा. तासाभरात भरावाच्या पेशी काचेला चिकटत. या पेशी ठोके देत नाहीत, नुसता सांधा भरतात. ठोके देणाऱ्या पेशी वर तरंगत राहत. त्या तो ओतून घ्यायचा आणि खऱ्या बश्यांत घालायचा. चिकटलेल्या भरावासकट पहिली बशी ट्रेवर ठेवून द्यायचा आणि ती खाली धुवायला यायची. पूर्वी सगळ्यात घाण काम याच बश्यांचं असे. बोटांची सालं निघत.

गेले चार महिने त्या स्वच्छ येत होत्या.

मोजणीवाली म्हणाली होती, "मावशी, तुमचे हात बघवत नाहीत. मीच विसळून पाठवते." आणि काचमावशीनं तिला आशीर्वाद दिला होता.

घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. बाराला गोळी होती.

ती परत वर गेली, पण प्रयोगशाळेत शिरली नाही. बोळात टापटीप उभा होता.

"खरं बोला," ती म्हणाली. "पत्र तुम्ही लिहिलंत ना?"

त्याचे कान लाल झाले. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पांढऱ्या पाण्याचं कळलं तेव्हा तुमचा चेहरा बघितला. ज्याला दाखवायचं असतं तो बश्या मारत नाही. तुमच्याकडं पहिल्या तासाची एखादी न धुतलेली बशी आहे?"

तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "चार आहेत. तीन दिवसांपूर्वी मी माझ्यापुरती एक खेप केली. कुणाला न सांगता. टेबलाखाली ठेवल्यात."

"आणि त्या खेपेत औषध घालून बघितलंत?"

"बघितलं."

"काय झालं?"

"बाई आल्या की बोलतो. माझ्या एकट्याच्या शब्दाला इथं कोण विचारतो?"

"त्या चार बश्या घेऊन खाली या. सगळ्यांना घेऊन या."

तपासनीस बाई सव्वादहाला आल्या. बुटक्या, चष्मा गळ्यात, बोलणं तोलून मापून. तळघराच्या पायऱ्या उतरताना साहेब त्यांना सांगत होते, "हिला कामाचा ताण आहे हो, भाऊ आजारी. मनावर घेऊ नका."

"वास कसला येतोय?" बाईंनी विचारलं.

"मेलेल्या पेशींचा," काचमावशी म्हणाली. "आम्हाला सवय आहे. आज मात्र मलाही सोसवत नाहीये."

मोरीभोवती पाच जण उभे राहिले. मोजणीवाली सगळ्यांच्या मागे होती. काचमावशीनं तिला हात धरून पुढे आणलं.

"बाळ, पहिल्या तासाच्या बश्या तू विसळून पाठवतेस. खरं ना?"

"हो मावशी. तुमच्यासाठीच."

"कशानं विसळतेस?"

"पाण्यानं. नळाखाली धरते, झालं."

"ब्रश?"

"नाही."

"खार? तारेची घासणी?"

"अहो नाही, नुसतं पाणी. का?"

काचमावशीनं टापटीपकडून एक बशी घेतली आणि तिच्या हातात दिली. "विसळ."

"आत्ता?"

"आत्ता."

मुलीनं नळ सोडला. बशी धारेखाली धरली. फिरवली. पालथी केली. पुन्हा धरली. बाई चष्मा लावून पुढे वाकल्या. बशीच्या तळाला पापुद्रा जसाच्या तसा होता.

"जोरात सोड नळ," काचमावशी म्हणाली.

पाणी उडालं. साहेबांच्या बुटावर पडलं. पापुद्रा हलला नाही.

"आता बोटानं चोळ."

मुलीनं बोट लावलं आणि चटकन काढून घेतलं.

"किळस आली ना?" काचमावशी म्हणाली. "मला एकतीस वर्षं येते. पाण्यानं हा पापुद्रा कधीच जात नाही. तू विसळत नव्हतीस. तू खरवडून काढत होतीस आणि खरवडलेलं ठेवून घेत होतीस."

"ठेवून काय करणार मी त्याचं?"

"लाल बश्यांत घालत होतीस."

"काय बोलताय!" साहेब ओरडले.

"ओरडू नका, ऐका," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोला."

काचमावशीनं हात पुसले आणि सावकाश सांगायला सुरुवात केली.

"चार महिन्यांपूर्वी पहिल्या तासाच्या बश्या चिकट यायच्या आणि लाल बश्या स्वच्छ. मग उलटं झालं. पहिल्या तासाच्या स्वच्छ आणि लाल चिकट. घाण नाहीशी होत नाही, बाई, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. भरावाच्या पेशींना ऑक्सिजन कमी लागतो आणि त्या पटापट वाढतात. त्या बेलच्या निरोपाचीही त्यांना गरज नाही. आता ही मोजते कशी? निळा रंग घालते. मेलेली पेशी रंग पिते, जिवंत पीत नाही. न पिणाऱ्या मोजल्या की झालं. कुठल्या जातीची पेशी जगली हे रंग सांगत नाही. शंभरात ऐंशी जिवंत. त्यातल्या ठोके देणाऱ्या किती? ते कुणी विचारलंच नाही. तुम्ही आज डोळ्यांनी बघणार होतात, ठोके शोधणार होतात. म्हणून ब्लीच. आणि ब्लीच माझ्या साबणाच्या नावावर खपावं म्हणून सकाळी सगळ्यात आधी माझ्या भावाचं टेन्शन हिलाच आठवलं. हे बोलले ते हिनं सांगितलेलंच बोलले." तिनं टापटीपकडे बोट दाखवलं.

"खरंय," टापटीप म्हणाला. "साबण मला सुचला नव्हता."

"पुरावा?" मोजणीवाली म्हणाली. आवाज आता गोड नव्हता. "लाल बश्या सगळ्या मेल्यात. आणि मागच्या खेपेच्या तर धुवून झाल्या."

काचमावशीनं ओलं फडकं उचललं.

"दोन दिवस रजेवर होते मी. राहिल्या धुवायच्या."

बाईंनी त्यातली एक बशी उचलली. वर जाऊन ती भिंगाखाली कोपरान् कोपरा बघायला त्यांना पाऊण तास लागला. मोरीत पाणी ठिबकत होतं. परत आल्यावर त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "स्नायूच्या पेशीवर आडवे पट्टे असतात. या बशीत पट्टे असलेली पेशी मला एकही धड दिसली नाही. तुकडे दिसले. बाकी सगळ्या लांबट, चपट्या. भरावाच्या."

मग टापटीप बोलला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवणं कठीण झालं.

"माझ्या खेपेत मी भराव न मिसळता औषध घातलं. औषधाच्या बश्यांत ठोके देणाऱ्या पेशी बिनऔषधापेक्षा लवकर मेल्या. शंभरात बारा उरल्या. औषध रिसेप्टरवर जाऊन बसतं, ते खरं. पण बेलवर बोट ठेवून बसतं, दाबत नाही. शरीरातला खरा रेणू आला तर त्याला जागाच नाही. निरोप जातच नाही. पेशी तग धरायच्या आधीच हार मानते. हे रिसेप्टर पेशीला जगवतं, साहेब, तुमचं रिसेप्टरवरचं पहिलं संशोधन खरं होतं. आपण अकरा माणसांच्या हृदयात तेच बंद करून ठेवलंय."

काचमावशी मोजणीवालीकडे वळली.

"का गं?"

"पहिल्या चार खेपांत आकडे येतच नव्हते," मुलगी म्हणाली. "साहेब रोज विचारायचे. औषध चांगलंच असणार, आमच्या बश्याच खराब असतील, असं मला वाटलं. थोडी मदत केली, एवढंच. नंतर थांबता येईना. आणि मावशी, पेशीच तर होत्या हो."

"आणि फॉर्म भरून घेतलास तो?"

"भाऊंना बरं वाटेल असं खरंच वाटलं होतं मला."

"माझ्या घरी चहा प्यायलीस. कप मी धुतला." मोरीच्या वासानं नाही, पापुद्र्यानं नाही, काचमावशीला त्या पोरीच्या स्वच्छ, गोऱ्या, क्रीम लावलेल्या हातांची शिसारी आली. फॉर्म भरताना हेच हात भावाच्या कपाळावरून फिरले होते.

साहेबांनी घसा खाकरला. "बाई, चूक मोठी आहे, मान्य. पण ही घरातली गोष्ट आहे. आकडे मागे घेऊ, महिनाभरात शांतपणे औषध बंद करू. एकदम गाजावाजा झाला तर आजारी माणसं घाबरतील."

"महिनाभरात?" काचमावशी म्हणाली. "बाराला गोळी आहे."

"अहो, एका गोळीनं काय—"

मोरीखालच्या बादलीतलं दोन दिवसांचं पाणी, लाल बश्यांचं, वर तवंग आलेलं, काचमावशीनं मगात भरलं आणि साहेबांच्या पुढ्यात धरलं.

"एका घोटानं काय होतंय? प्या."

साहेब दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी नाक धरलं. बाईंनी पिशवीतून शिक्क्याचा कागद काढला, मोरीच्या कट्ट्यावर ठेवून चार ओळी लिहिल्या आणि सही केली.

"अकराही जणांचं औषध आत्तापासून बंद. हा कागद वॉर्डात द्या. पळा."

बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. काचमावशी ओल्या एप्रनसकट रस्ता ओलांडून धावली. वॉर्डात नर्स छोट्या पेल्यात गोळ्या काढत होती. काचमावशीनं भावाच्या खाटेजवळचा पेला उचलला आणि खिशात घातला.

"अहो आजी! काय चाललंय?"

"कागद वाचा आधी."

भाऊ उशांना टेकून बघत होता. ओठ निळसर, श्वास तुटक.

"ताई, दवाखान्यात असं धावत येतात होय? मला वाटलं मीच गेलो की काय, आणि तुला आधी कळवलं."

"गप बस. ती गोळी घ्यायची नाही आता. जुनीच सुरू करतील."

"का? नवी लागू नाही पडली?"

त्याचा सुजलेला पाय मांडीवर घेऊन ती बसून राहिली.

मोजणीवालीला त्याच दुपारी चौकशीसाठी नेलं. साहेबांची खुर्ची आठवड्यात रिकामी झाली. टापटीप वॉर्डात आला, भावाच्या खाटेपाशी उभा राहिला. काचमावशीनं त्याला विचारलं, औषध बंद झालं, आता मेलेल्या पेशी परत येतील ना? तो म्हणाला, हृदय नव्या पेशी जवळजवळ करतच नाही, मावशी. गेल्या त्या गेल्या.

शेजारच्या खाटेवरची, त्या अकरांतलीच, निवृत्त शिक्षिका औषध बंद झाल्यापासून तेराव्या दिवशी पहाटे वारली. भाऊ एकोणिसाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला वारला.